लिंबाजी जिनगराचा पहिला फटका

देवासला लिंबाजी जिनगराकडून चाबूक घ्यायचा म्हणजे आधी त्याचा एक फटका आपल्या पोटरीवर खावा लागे. यात सूट नव्हती. गिऱ्हाईक टांगेवाला असो, पागेचा दरोगा असो की बैलांची दमणी ठेवणारा गावचा पाटील असो, चाबूक तयार झाला की लिंबाजी ओट्यावरून उठायचा, धोतराचा सोगा खोचायचा आणि म्हणायचा, "हं, पोटरी उघडी करा." मग सट्‌कन एक आवाज. मग वाकून त्या माणसाच्या तोंडाकडं नीट बघत विचारायचा, "लागलं?" 'लागलं' म्हणालात तर "मग घेऊन जा." आणि मर्दुमकी दाखवायला 'छे, कुठं काय' म्हणालात तर "मग तुला नाही द्यायचा." झालं! चाबूक परत खुंटीवर.

मी तेव्हा जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून नुकताच चिकटलो होतो. दवाखान्यासमोर सडक आणि सडकेपलीकडं लिंबाजीचा ओटा. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एक टांगेवाला चाबूक हातात घेऊन लंगडत लंगडत सडक ओलांडून आला आणि मला म्हणाला, "कंपाउंडर भिया, कई लगइ दो. घोडा सारू लियो थो, म्हारा सारू नी!" चाबूक घोड्यासाठी घेतला, स्वतःसाठी नव्हे, ही त्याची तक्रार. मी त्याच्या पोटरीला मलम लावलं. वळ बारीक होता, पण त्यावर गव्हाच्या लोंबीसारखी नक्षी उठली होती. आठ पदरांच्या विणीची ती खूण. पुढं ती मी इतक्या पोटऱ्यांवर पाहिली की अंधारातही बोट फिरवून ओळखली असती.

मला हा माणूस आधी चक्रम वाटला. खरं सांगायचं तर थोडा क्रूरही वाटला. पण वर्षभरात एक गोष्ट ध्यानात आली. दवाखान्यात चाबकानं सोललेली घोडी यायची, बैल यायचे. पण ती सगळी बाजारातल्या चाबकांची. लिंबाजीच्या चाबकाची जखम मी एकाही जनावराच्या अंगावर बांधली नाही. हे मी त्याला एकदा सांगितलं, म्हटलं खूश होईल. तर म्हणाला, "त्यात काय नवल? चाबूक घोड्याच्या कानासाठी असतो, कंपाउंडरसाहेब. कातडीसाठी नव्हे. आणि ज्यानं चव बघितली नाही, त्यानं वाढायला बसू नये."

यावर आतून त्याच्या बायकोचा आवाज आला. तिला आम्ही काकी म्हणायचो. "आमच्यात नैवेद्य दाखवल्याबिगर चव बघत नाहीत हो," ती म्हणाली.

"देवाचं निराळं," लिंबाजी म्हणाला. "देव काय कुणाला मारायला निघालाय?"

हा संवाद मी विसरलो असतो. पुढं त्यानंच तो आठवायला लावला.

लिंबाजी बुटका, मनगटं मात्र खांबासारखी. उजव्या पायाचा अंगठा बाकीच्या चार बोटांशी भांडण झाल्यासारखा लांब उभा राहायचा, कारण जन्मभर त्या अंगठ्यात कातड्याच्या वादीचा फास अडकवून तो गोफ विणत आला होता. "आमचे खापरपणजे खोगिरं शिवीत शिवीत माळव्यात आले," असं तो सांगायचा, जणू काही साताऱ्यापासून इथपर्यंत फौज चालत होती आणि हे मागं बसून टाके घालत होते. देवासला राज्यं दोन होती, थोरल्या पातीचं आणि धाकट्या पातीचं. सडकेच्या या अंगाला एक, त्या अंगाला दुसरं. लिंबाजी दोन्ही पागांचं काम करायचा आणि दोन्हीकडच्या लोकांना सारखाच फटका द्यायचा. मग संस्थानं विलीन झाली, पागा रिकाम्या झाल्या, घोडे लिलावात गेले. आमच्या घरचे वडीलधारे चार महिने सुतकात असल्यासारखे बसून होते. लिंबाजीला विचारलं तर म्हणाला, "घोडे गेले कुठं? टांग्यालाच लागले ना? मग झालं."

त्याचं काम बघत बसणं हा माझा दुपारचा उद्योग होता. गंधवानी गावाकडून बकऱ्याची कातडी यायची, बाभळीच्या सालीत कमावलेली. त्यातली पाठीची बाजू तो निवडायचा आणि रापीनं, म्हणजे कातडं कापायच्या सुरीनं, गोल गोल कापत त्या अख्ख्या तुकड्याची एकच लांबच लांब वादी काढायची, मधे तोडायची नाही. मग ती ओल्या फडक्यात ठेवायची, ओढून ताणायची, कडा तासायच्या, चरबी आणि साबण चोळायचा. मधे कातड्याचा गाभा आणि त्याच्याभोवती आठ पदर. टोकाकडं जाताना गाभा निमुळता होत जाई, तसे आठाचे सहा, सहाचे चार. शेवटी रेशमाची बोटभर शेपूट. आवाज काढते ती तीच. विणून झालं की फळीखाली घालून पायानं लाटायचा, म्हणजे सगळे पदर एकजीव होतात. मी एकदा हौसेनं चार विणी घालून पाहिल्या. त्यानं त्या माझ्यादेखत उसवल्या. म्हणाला, "ओढाल तर तुटेल, सोडाल तर सुटेल. नुसतं धरून ठेवायचं. तुम्हाला घाई फार."

त्याच्या शेजारी बसून वाद्या तासायची त्याची मुलगी सगुणा. एकुलती एक. बापासारखीच कमी बोलणारी, आणि हात बापापेक्षा सफाईचा. हे लिंबाजी स्वतः कबूल करायचा, पण ती आत गेल्यावर.

त्याच्या फटक्याच्या गोष्टी गावभर होत्या. एक नवीन ठाणेदार बदलून आला. त्याला चाबूक हवा होता, आणि घोडा त्याच्याकडं नव्हता; तेव्हा कशाला हवा होता ते उघडच आहे. पोटरीची अट ऐकल्यावर त्यानं हवालदाराला पुढं केलं. म्हणाला, "हा खाईल माझ्यातर्फे." लिंबाजीनं हात जोडले. "साहेब, उद्या तुम्हाला जेवायला बोलावलं तर हवालदारच येणार का?" ठाणेदार लाल होऊन निघून गेला. आम्हाला वाटलं, आता लिंबाजीची धडगत नाही. पण काही झालं नाही. बदलीच झाली त्याची.

दुसरा धामनोदचा एक ट्रकवाला. त्याला गाडीपुढं दृष्ट लागू नये म्हणून चाबूक लटकवायचा होता. "बा, म्हारा ट्रक ने कई मारूँगा?" असं तो परोपरीनं सांगत होता. लिंबाजी म्हणाला, "ट्रकला लागत नाही म्हणून तू खाऊ नयेस असं कुठं आहे? चाबूक आहे. आज ट्रकवर आहे, उद्या कुणाच्या हातात जाईल?" ट्रकवाल्यानं शेवटी पोटरी दिली, 'लागलं' म्हणाला आणि हसत हसत चाबूक घेऊन गेला.

असा हा माणूस एकदा चुकला. आयुष्यात एकदाच, आणि तेही रीतभात सांभाळायला गेला म्हणून.

सगुणाचं लग्न धारला ठरलं. मुलगा दत्तू, स्वतःचा टांगा, स्वतःचा घोडा, दिसायला गोरागोमटा, बोलायला गोड. लिंबाजीनं लेकीच्या रुखवतात मांडायला चाबूक केला. तसा चाबूक मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. शिसवी मूठ, आठपदरी गोफ, टोकाला लाल रेशीम. रुखवतात लाडू-करंज्यांच्या आणि लोकरीच्या पोपटाच्या मधे तो ठेवला होता आणि बायकांपेक्षा पुरुषांचीच तिथं गर्दी झाली होती. टांगेवाले एकमेकांना कोपरानं ढोसत होते, आता बा जावयाला पोटरी उघडी करायला लावणार! दत्तूही हसत उभा होता. मीच विचारलं, "काय लिंबाजीराव, इथं फटका नाही का?"

लिंबाजीनं मला बाजूला घेतलं. अगदी गंभीरपणानं म्हणाला, "अहो, काय बोलता? सकाळी त्या पायांवर मी पाणी घातलंय. जावई म्हणजे आज नारायण. नैवेद्याची कुणी चव बघतं का?"

काकीनं ते ऐकलं आणि समाधानानं मान हलवली. मलाही ते पटलं. आपल्याकडं हे पटतंच.

त्या दिवाळीला सगुणा माहेरी आली. एक दिवस सकाळी दवाखान्यात येऊन म्हणाली, "दादा, घोड्याला लावायचं मलम द्या थोडं. आमच्या घोड्याला खोगीर लागलंय." मी डबीत मलम घातलं. डबी घ्यायला तिनं हात पुढं केला, तेव्हा बांगड्या मागं सरकल्या. मनगटाच्या वर, कोपरापर्यंत, गव्हाची लोंबी.

टांग्याच्या घोड्याला खोगीर नसतं, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. ती लोंबी कुठली हेही कळलं. तिलाही कळलं की मला कळलं. तिनं बांगड्या पुढं घेतल्या आणि गेली. आणि मी? मी गप्प बसलो. लोकांच्या घरातली भांडणं, आपण कशाला नाक खुपसा, नवरा-बायकोचं आज तुटतं उद्या जुळतं, अशा सगळ्या शहाणपणाच्या गोष्टी मी स्वतःला सांगितल्या. समोरच्या ओट्यावर लिंबाजी रोज दिसत होता. रोज रामराम होत होता. दिवाळी ते संक्रांत मी तोंड उघडलं नाही. याची मला अजून लाज वाटते.

संक्रांतीला ती पुन्हा आली. तिळगुळाची वाटी टेबलावर ठेवली आणि रिकामी डबी पुढं केली. या वेळी वळ मानेवर होता, पदराच्या कडेला.

मी म्हटलं, "सगुणा, हे काय चाललंय?"

तिनं खिडकीतून समोरच्या ओट्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "बाबांना सांगू नका. दुसरा कुठला चाबूक असता तर मीच सांगितलं असतं. त्यांच्या हातचा आहे हो तो."

ती धारला परत गेली त्याच दुपारी मी सडक ओलांडली आणि लिंबाजीला सगळं सांगितलं. फक्त दिवाळीचं सोडून. तो विणत होता. मी बोलत होतो तोवर हात चालूच होते. माझं संपलं तेव्हा त्यानं खाली पाहिलं. मधेच कुठंतरी पदर चुकला होता आणि तो तसाच वीतभर पुढं विणत गेला होता. अंगठ्यातला फास काढून त्यानं सगळा गोफ बाजूला ठेवला.

"नैवेद्य म्हणून वाढला मी," तो म्हणाला. मग उठत, "उद्या मोटार किती वाजता असते? तुम्ही चला माझ्याबरोबर. इंदुरात मोटार बदलायची, मला त्या पाट्या वाचता येत नाहीत."

धारला पोहोचलो तेव्हा दुपार टळत आली होती. मोटारी थांबत तिथून जवळच दत्तूचं घर. अंगणात घोडा बांधलेला, खाटेवर दत्तू आणि त्याचे दोन टांगेवाले दोस्त. सासरे आलेले पाहून तो लगबगीनं उठला, वाकून नमस्कार केला, पाट मागवला, चहा मागवला. लिंबाजीनं लेकीच्या घरचं पाणीही घेतलं नाही. तशी त्यांच्यात रीतच होती, त्यामुळं कुणाला काही वाटलं नाही. मी सवयीनं घोड्याजवळ गेलो, अंगावरून हात फिरवला. तुकतुकीत घोडा. अंगावर एक ओरखडा नाही.

दत्तू म्हणाला, "बघता काय कंपाउंडरसाहेब! सासरेबुवांचा चाबूक असा झकास आहे की घोड्याला लावायची वेळच येत नाही."

सगुणा दारात उभी होती.

लिंबाजीनं चाबूक मागितला. दत्तूनं तो खुंटीवरून काढून दिला. लिंबाजीनं मुठीपासून रेशमापर्यंत तो बोटांतून ओढला, सावकाश, सबंध. मग म्हणाला, "जावईबापू, एक काम राहून गेलंय माझं. पोटरी उघडी करा."

दोस्तांनी टाळ्या पिटल्या. "निकाल, दत्तू भिया, निकाल!" दत्तूला नियम ठाऊक होता. हसत हसत त्यानं पायजमा वर सरकवला आणि पाय पुढं केला. लिंबाजीनं हात उचलला.

आणि तो हात तसाच राहिला. दोन्ही पातींच्या सरदारांना ज्यानं सोडलं नाही तो माणूस त्या गोऱ्या पोटरीकडं बघत नुसता उभा. मला त्याच्याकडं बघवेना. याच पायांवर त्यानं पाणी घातलं होतं, काकीनं झारी धरली होती; ते पाणी काही त्याला ओलांडता येईना.

सगुणा दारातून खाली उतरली. बापाच्या हातातून तिनं चाबूक काढून घेतला. म्हणाली, "पाय तुम्ही धुतलेत, बाबा. मी नाही."

आणि एक फटका मारला. एकच. लिंबाजी मारायचा तसा, तेवढाच, न जास्त न कमी. दत्तूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलेलं मी पाहिलं. ती वाकली आणि त्याच्या तोंडाकडं बघत तिनं विचारलं, "लागलं?"

मला वाटतं, तिनं तो प्रश्न खराच विचारला होता. दत्तूनं तिच्याकडं पाहिलं. मग दोस्तांकडं पाहिलं. मग तो मोठ्यानं हसला. "हट्! बाईमाणसाच्या हातचं काय लागतंय?"

"मग तुम्हाला नाही द्यायचा," सगुणा म्हणाली.

तिनं चाबूक मनगटाला गुंडाळला, आत जाऊन गाठोडं घेऊन आली आणि आमच्या पुढं मोटारीकडं चालू लागली. मागून दत्तूची आई ओरडत होती, दत्तू अजून हसत होता. देवासला काकीनं दार उघडलं, लेकीच्या मनगटाचा चाबूक पाहिला, आणि चुलीवर पाणी ठेवलं.

पुढं गावानं जे बोलायचं ते बोलून घेतलं. नवऱ्यावर हात टाकलेली बाई म्हणून चार घरी तिला हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं. दत्तूकडची माणसं दोनदा न्यायला आली. लिंबाजीनं त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "चाबूक आणि मुलगी दोन्ही इथंच आहेत. तिला विचारा." ती गेली नाही. सगुणा पुन्हा बापाशेजारी बसू लागली, पण आता वाद्या तासायला नव्हे, विणायला. लाल रेशमाचा तो चाबूक मात्र लिंबाजीनं एका बैठकीत उसवला; आठही पदर सुटे करून ओल्या फडक्यात ठेवले. त्यांचं पुढं काय केलं ते मी विचारलं नाही.

त्यानंतर पाच-सहा वर्षं तो काम करत होता. गिऱ्हाइकं कमी होत गेली; सडकेवर टेंपो आले, सायकली वाढल्या. फटक्याचा नियम तसाच राहिला. फरक एकच. कुणी म्हातारा, कुणी नातेवाईक, कुणी मानाचा माणूस आला आणि लोक म्हणाले, "बा, यांना तरी सोडा," तर तो म्हणायचा, "एकदा सोडला होता." एका दसऱ्याच्या आधी, खंडेनवमीला, त्यानं रापी आणि आरी धुऊन पुसून पाटावर मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, आणि त्या आठवड्यातच दोन दिवसांच्या तापानं गेला. माणूस चांगला गेला, कुणाला तसदी दिली नाही, असं सगळे म्हणाले. मला त्याची आठवण दुपारी यायची, ओट्याकडं नजर गेली की.

माझी बदली शाजापूरला झाली. सामान बांधून झाल्यावर मी सडक ओलांडली. ओट्यावर सगुणा होती, अंगठ्यात फास अडकवून बसलेली. मी म्हटलं, "मला एक चाबूक दे."

"घोडा कुठाय तुमच्याकडं, दादा?"

"घोडा नाही."

तिनं हातातलं काम थांबवलं. मग मी इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सांगून टाकलं. दिवाळीलाच मला कळलं होतं. संक्रांतीपर्यंत मी बोललो नाही. मधल्या दिवसांत जे काही झालं असेल त्यात माझा वाटा आहे.

ती खाली मान घालून ऐकत होती. बोलली तेव्हा भलतंच बोलली. "ते 'लागलं' म्हणाले असते ना दादा, तर मी राहिले असते तिथंच. मोटारीत बसेपर्यंत मी मागं बघत होते, धावत येऊन म्हणतील म्हणून."

मग ती उठली, खुंटीवरचा एक चाबूक काढला आणि पदर खोचला.

"पोटरी उघडी करा."

मी धोतर वर घेतलं. मलम लावणाऱ्यानं स्वतः कधी फटका खाल्ला नव्हता. बापापेक्षा तिचा हात जड होता, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. डोळ्यांसमोर क्षणभर काही दिसेना. ती वाकून माझ्या तोंडाकडं बघत होती.

"लागलं?"

"लागलं."

"मग घेऊन जा," ती म्हणाली.